गोऱ्ह्यांचा तळतळाट

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता थोडं थांबावं लागतं. तरी आज तुमच्याशीच बोलायचं आहे. तुमच्या माघारी मी तुमच्यावर एक आळ घातला आणि तो खोडून काढायला तुम्ही इथं नव्हता.

तुमचा नातू, माझा एकुलता एक मुलगा, मागच्या वर्षी आजारी पडला. आजार असा की बघणाऱ्याला दिसेना. कापसाच्या जिनिंगमधल्या कामावरून आला की भिंतीला टेकून बसायचा. त्याची लेक घोडा घोडा म्हणत पाठीवर चढायला आली तरी हलायचा नाही. दाढी विरळ होत चालली, चिडचिड वाढली. नवराबायकोत काय कमी पडत होतं ते सुनेनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी दोनदा सकाळचं रक्त घेतलं, डोक्याचा फोटो काढला. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन म्हणून जे तयार होतं, ते त्याच्यात फार कमी बनत होतं. मेंदूखालची एक ग्रंथी त्याचा हुकूमच देईनाशी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "इन्सुलिन देतो ना शुगरवाल्याला, तसंच हे. अंग बनवत नाही ते बाहेरून द्यायचं. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, आणि अधूनमधून रक्त तपासायचं. अजून मूल हवं असेल तर आधी सांगा, या इंजेक्शनानं त्यात अडथळा येतो." सुनेनं सगळं बराबर विचारून घेतलं. मी मात्र 'कमी' या शब्दापाशीच अडकले होते.

कारण मला गोऱ्हे खच्ची करायचा तुमचा चिमटा दिसत होता. जाफराबादच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही ते काम शिकून आलात, आणि मग कुणाचा गोऱ्हा खच्ची करायचा म्हटलं की तुम्हालाच बोलावणं. मी तुमच्या मागं मागं. गोऱ्ह्याला आडवा पाडतात, माणसं दावी आवळून धरतात, मी त्याच्या डोळ्यांवर पोतं धरून बसते. चिमटा मिटला की त्याचं सगळं अंग एकदा थरथरतं. माझ्या हातांना ते अजून आठवतं. एकदा मी हसून म्हणाले, "झाला बायल्या." तुम्ही चिमटा खाली ठेवलात. "कोण म्हन्लं तुला? त्यो बैल झाला. त्याला हसायचं न्हाई. उद्या तुझी भाकर त्योच ओढनार हाय." मग दिवेलागणीपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलात.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर, आणि तुमचे जावई गेल्यावर जालन्यात मस्तगडजवळच्या वाचनालयात. वाचलं की माणूस शहाणा होतो, असं नातीला मीच सांगते. आणि तीच मी, मुलगा इंजेक्शनला निघाला तेव्हा उंबऱ्यात आडवी आले. म्हणाले, "सुईनं काय होतंय? तुझ्या आज्यानं गावोगावचे गोऱ्हे खच्ची केले. त्यांचा तळतळाट हाय ह्यो. आधी राजूरला चल, गणपतीपुढं नाक घास." 'खच्ची' हा शब्द मी त्याच्या तोंडावर म्हणाले, दादा. सुनेसमोर. त्यानं चपला काढल्या आणि आत जाऊन पडला. त्यानंतर दवाखान्यात गेलाच नाही. पुन्हा ती भिंत, पुन्हा ते बसणं.

महिनाभरानं सून बोलली. भाकरी थापत होती, मान वर केली नाही.

"आत्याबाई, आजोबांनी चिमटा लावला तो बैलाला. ह्यांना न्हाई लावला."

"मी तसं कुठं म्हन्ले?"

"ह्यांना तुम्ही लावून राह्यल्या." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुम्हाला बीपीची गोळी लागते, ती कोन्त्या जनावराचा शाप हाय? ती तर बिलकुल चुकत न्हाई तुमची."

त्याच आठवड्यात ती त्याला घेऊन गेली. मला 'चला' म्हणाली नाही. आता तो बरा आहे. नात पाठीवर बसते, तो अंगणभर फिरतो. पण इंजेक्शनचा दिवस मला सांगत नाही. "बाजारात जाऊन येतो," म्हणतो, आणि रिकाम्या पिशवीनं परत येऊन एका बाजूला कलून बसतो. सुई कुठं दिली ते मला त्या बसण्यावरून कळतं. मी चहा ठेवते. भाजी कुठं आहे, असं विचारत नाही.

या पोळ्याला भावाकडे गेले होते. बैलांना ओवाळून झालं, सगळे जेवायला बसले, तेव्हा मी गोठ्यात गेले. बैलाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तुमच्या नावानं माफी मागितली. तुम्ही ती कधी मागितली नव्हती, मागण्यासारखं तुमच्याकडून काही झालंही नव्हतं. तुम्ही असता तर दंडाला धरून मला तिथून उठवलं असतं.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. चुलीत घालीन. बैलाची माफी मागणं सोपं गेलं, दादा. पोराची अजून मागितलेली नाही.