दगडगाडीचा जुना बांध

शके १८०५, पौष शु. ३. कल्याण.
खडवलीपुढचा जुना बांध सापडला एकदाचा. नदीवरचा पूल बांधताना खाणीतून दगड आणायला तात्पुरती गाडी होती, तिचा. पूल झाला, रूळ उचलून नेले, बांध करवंदीत गडप. पण घाईत सगळं थोडंच निघतं? आज ओंजळभर खिळे मिळाले. मला हवा रुळाचा तुकडा, ऐरणीसाठी. विलायती लोखंड ते, आपल्याकडे तसं मिळत नाही. आळीतले लोहार हसतात. हसोत.
मेव्हणा धर्मा बरोबर. बहीण गंगा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तर जावईबापूंचाही मुक्काम सासरीच. त्याचा कोलशेतचा भाता थंड. गडी कामाचा आहे, तोंड सोडून.

पौष शु. ५.
पुन्हा खडवली. सलीपाट कुजलेत, पण रुळाखालच्या त्या लाकडांचे खळगे अजून समजतात. दोरी ताणायची, खुंट्या ठोकायच्या, मग पहारीने टोचत जायचं. धर्माची युक्ती. झकास.
नदीवर जवळच्या वाडीतल्या बाया धुणं धूत होत्या. मोजणी कसली म्हणून विचारलं. हा गंभीर तोंड करून म्हणतो, "नवा पूल व्हनार हाय. पायाला दोन डोकी कमी पडतान."
धुणं टाकून पळाल्या. आम्ही पोट धरून हसलो. पुलाच्या पायात माणूस पुरतात हे इकडे सगळ्यांनाच खरं वाटतं. पहिल्या पुलाच्या वेळी वाडीतले गडी पायाच्या खड्ड्यात बुडाले, प्रेतंही मिळाली नाहीत, तेव्हापासून.

पौष शु. ८.
परवा लिहिणं जमलं नाही.
षष्ठीला रूळ लागला. चांगला हातभर. धर्मा गोणीत घालत होता, तोच वाडी आली. कोयते, काठ्या. कुणी ओरडलं, गोणीत पोर आहे. उघडून दाखवायलाही सवड दिली नाही. पहार हिसकावून त्याच्याच डोक्यात घातली. कुणी, दिसलं नाही. चार-पाच जणांचे हात होते तिच्यावर.
"थट्टा केली र, थट्टा," म्हणत होता. मग बोलणं बंद. पडल्यावरही दगड घालत राहिले.
माझ्यासमोर एक जण आला. मी हातोडा त्याच्या तोंडावर हाणला. डोळा फुटला, हाताला कळलं. पुन्हा हाणला. बरं वाटलं. हे कुणाला सांगायचं नाही.
स्टेशनवरचे गडी धावत आले म्हणून मी जिवंत. धर्माला बैलगाडीत घालून आणला.

पौष शु. ९.
धर्मा गेला. शुद्धीवर आलाच नाही.
बायका बांगड्या फोडायला आल्या, तर गंगाने आपणच उंबऱ्यावर हात आपटले. मनगट कापलं. रडली नाही. त्या वाडीला आग लावावीशी वाटते. एकेक झोपडं.

पौष शु. १२.
फौजदार येऊन गेले. वाडीतले गडी खडवलीच्या चावडीत डांबलेत. कुणी कबूल होत नाही. पहार कुणी घातली तेवढं ओळख म्हणाले, फासावर आम्ही चढवू. ओळखतो म्हटलं.
खोटं. डोळ्यांसमोर एकच तोंड येतं, मी फोडलं ते.
गंगाला सांगितलं. "मग त्यालाच दाखव, दादा. एकाला तरी."
दाखवीन म्हणालो. रागात होतो. अजूनही आहे.

पौष शु. १४.
आज भाता ओढता ओढता आठवलं. मी तोंड फोडलं त्याचे हात रिकामे होते. दोन्ही वर केलेले. आधी तो वाडीवाल्यांकडे तोंड करून काहीतरी ओरडत होता, मग माझ्याकडे वळला. मारा म्हणत होता की थांबा, ते काही केल्या...
गंगाला हेही सांगितलं. सांगायला नको होतं. पोटावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "पोर बापाचं विचारेल. तेव्हा त्या माणसाचे हात रिकामे होते, एवढंच सांगशील?"
उद्या त्याला समोर उभा करतील. मी बोट दाखवलं तर फासावर जाईल. नाही दाखवलं, तर सगळे सुटून घरी जातील, जेवायला बसतील. धर्माला जणू कुणी मारलंच नाही.
गाडी सकाळची. अवघडलेली असूनही गंगा येणार म्हणते. नको म्हटलं, ऐकत नाही.