ताई कुठल्या खोलीत गेल्या?

लेखकसाहेब,

नाही, तुझी नवी कादंबरी मी वाचलेली नाही. मोठी बहीण शेवटी मरणारच, त्यात वाचायचं काय? आठ पुस्तकांत मारलंस मला, कधी क्षयाने, कधी विहिरीत. खपतंय म्हणून गप्प बसले. पण टीव्हीवर “माझी ताई खरंच गेली” म्हणून रडायचं काय अडलं होतं?

काल तुझी एक वाचक घर बघायला आली. “ताई कुठल्या खोलीत गेल्या हो?” मी मागची खोली दाखवली. माझ्या उशीवरून हात फिरवत बाई हमसून हमसून रडली. मग म्हणाली, “आणि तुम्ही कोण?”

“स्वयंपाकाची बाई,” म्हटलं.

राखली तुझी लाज. का राखली, ते सांगणार नाही. हे पत्रही टाकणार नाही. बास.

तुझी मेलेली ताई