लाल दोऱ्याचा ब्रश

दिनांक ११ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद घे. मी तुझी आजी. ओळख पटावी म्हणून खुणा सांगते: एक डोळा अधू, दात चार, आणि तू सात वर्षांचा घोडा झालास तरी तुला कडेवर घेऊन हिंडलेली. तीन वर्षांत तुझं एक अक्षर आलं नाही, तेव्हा वाटलं, विसरला असेल बिचारा. मला लिहिता येत नाही, हे माझं कारण. तुला येतं. तुझं कारण तू शोध.

अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल. हो, तुझा दादाच लिहितोय. फाडू नकोस. समोरची शिक्षिका लिहून द्यायला तयार होती, पण मला हाच हवा होता. का, ते त्यालाही अजून माहीत नाही. मी सांगेन ते आणि तेवढंच लिहायचं, असं बजावून बसवलाय.

घरी सगळं बरं आहे. जिन्याखालची मांजर पुन्हा व्याली. वर्कशॉपचं दार अजून कुरकुरतं. दादाचं पोट सुटलंय. (लिही, लिही. खोटं आहे का?) तुझं खजुराचं पार्सल दर चार महिन्यांनी येतं. आत चिठ्ठी नसते, पण वर माझं नाव असतं म्हणतात. खजूर मी शेजारीपाजारी वाटून टाकते. चावत नाही, असं सांगते लोकांना.

परवा एका नव्या डेअरीचे पाइप आले. स्टीलचे. ट्रकमधून उतरवताना पडले आणि तोंडं चेपून अंड्यासारखी झाली. दादाने दिवसभर पट्टा आवळून, स्क्रू पिळून ती गोल केली. दोन तोंडं समोरासमोर अशी बसवतो, की नख फिरवलं तर कड लागत नाही. ते त्याला येतं. पण पुढचं वेल्डिंग तुझ्या हाताचं. हा धरायचा आणि तू जोडायचास, ठिपक्याला ठिपका लावून, नाण्यांची चळत आडवी केल्यासारखं. काल एकच जोड याने तीनदा कापला. तिसऱ्यांदा तोंडापुढची काळी काच वर न करताच म्हणाला, "तो असता तर."

मी दारात बसले होते. ऐकू न आल्याचं सोंग मला चांगलं जमतं. काल जमलं नाही.

(याने मान खाली घातली आहे. असू दे.)

तर आता ते गंजाचं.

पहिल्या डेअरीत तुम्ही केलेल्या जोडांवर दोन महिन्यांत तपकिरी डाग उठले. तपासायला आलेल्या बाईने सांगितलं, स्टीलवर लोखंड घासलं गेलंय, तुमचा ब्रश बघा. लाल दोरा बांधलेला तो तारेचा ब्रश, फक्त स्टीलसाठी पेटीत वेगळा ठेवलेला. सगळे जोड कापावे लागले, काम हातचं गेलं. दादा म्हणाला, तूच तो नेऊन कुणाचं तरी लोखंडी फाटक घासलंस. तू म्हणालास, मी नाही. दादा ओरडला, "मग काय आजीने घासलं लोखंड?"

तू एवढ्या रागातही हसलास. मीही हसले.

त्याच संध्याकाळी तू बॅग भरलीस.

धाकट्या, आजीनेच घासलं होतं.

मोठी लोखंडी कढई. भाजी तळाला लागून कोळसा झाला होता. तुम्ही दोघे मापं घ्यायला गेला होतात, पेटी उघडी होती. तो ब्रश असा काही चालतो, की पाच मिनिटांत तळ लख्ख. धुतला, उन्हात वाळवला, दोरा नीट केला, जागच्या जागी ठेवला. मला काय कळतंय त्यातलं, असं म्हणता आलं असतं. पण तूच दहादा सांगितलं होतंस, आजी, लोखंडाचा एक कण जरी यात अडकला तरी स्टीलला गंज धरतो. मी म्हणाले होते, एवढं नाजूक असेल तर तिजोरीत ठेव. त्या दिवशी वाटलं, एकदाने काय होतंय.

सांगणारच होते. आधी म्हटलं, दादाचा राग उतरू दे. मग म्हटलं, तू परत आलास की सांगेन. तेवढ्यात याने नवा ब्रश आणला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "घरात विश्वासाचं माणूस तूच," म्हणाला. त्यानंतर कुठल्या तोंडाने बोलू? तीन वर्षं ती कमरेला आहे. कूस बदलली की टोचते. लोक म्हणतात, नातू गेला म्हणून म्हातारी वाळली. मी मान हलवते. तुला घालवलं मी, आणि सांत्वनही मीच घेतलं.

इथे पेन थांबलं होतं. हा उठून वर्कशॉपात गेला. काही आपटल्याचा आवाज आला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. बऱ्याच वेळाने दारात येऊन म्हणाला, "कुठली कढई?"

म्हटलं, "सकाळी जिच्यातलं दोनदा वाढून घेतलंस, ती."

बसला. म्हणाला, "पुढे सांग." मी किल्ली सोडून कागदावर ठेवली. त्याने ती बाजूला सरकवली. घेतली नाही, टाकलीही नाही.

माफ कर, असं मी म्हणत नाही. एवढ्याशा पत्रात ते मागणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. एवढंच सांगते, की तू खरं बोलत होतास आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आता मी गप्प आहे तरी हा लिहितोय. मला वाचता येत नाही त्याचा फायदा. विचारलं तर म्हणतो, "तुझं नाही, माझं आहे."

(धाकट्या, मी तुझं ऐकून घेतलं नाही. दादा.)

खाली अंगठा माझा. शाई जास्त लागली, पण खोटा नाही.

तुला हसून घालवणारी,
तुझी आजी

ता. क. राग असेल तर यापुढे पार्सल पाठवू नकोस, मी समजेन. पाठवलंस तर खजूर बिया काढलेला पाठव, या वेळी वाटणार नाही. आणि स्वतः घेऊन येणार असशील, तर बियांसकट चालेल.