बाप्तिस्म्याच्या टाकीतले बिऱ्हाडकरू

ती. आत्यास, भाच्याचा प्रेमाचा सलाम.

बुधवारी सकाळी सव्वानऊला मी देवळातल्या बाप्तिस्म्याच्या टाकीवरची फळी उचलली आणि माझं आयुष्य बदललं. (तुझे गुडघे कसे आहेत, हे आधी विचारायला हवं होतं. कसे आहेत?) आत बेडकांची दोन-अडीचशे पिल्लं शेपट्या हलवत फिरत होती, जागा आपल्याच नावावर असल्यासारखी.

गेल्या बाप्तिस्म्यानंतर टाकी रिकामी करायचं काम माझं होतं. (कॉलेज सोडल्यापासून देवळातली सगळी कामं माझीच. बाबा याला माझी पदवी म्हणतात.) ते मी केलं नाही, आणि पाळकसाहेबांनी जाब विचारल्यावर तरुणसंघाच्या सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं, की देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते राखण करायला, नासधूस करायला नाही, एवढं चांगलं पाणी गटारात सोडणं हे पापच. टाळ्या पडल्या. पेटीवालीनेही वाजवल्या. (आमच्या गायनसंघात बाजाची पेटी वाजवते ती. मागची दोन पत्रं तिच्यावरच होती.) मग फळीच्या फटीतून एक बेडकी शिरली आणि माझं भाषण तिने फारच मनावर घेतलं.

पंचाईत अशी, की रविवारी बाप्तिस्मा आहे आणि तो पेटीवालीचाच. पाळकसाहेब टाकीत डोकावून शांतपणे म्हणाले, "राखणदार, बूच काढ." मी हात घातला, तोच मागून ती म्हणाली, "माझा नवा जन्म व्हायचा म्हणून यांचा पहिलाच गटारात घालवणार? मग मी उतरत नाही. आणि तुझ्याशी बोलतही नाही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, साहेब, देव काय फक्त बाकांवर बसणाऱ्यांचाच आहे का? ते म्हणाले, "नाही रे बाबा. म्हणून तर विचारतो, नेणार कुठे?" तेव्हापासून दोन दिवस चहाच्या गाळणीने एकेकाला उपसतोय. आता सगळी मंडळी आमच्या दारापुढच्या टबात आहेत. टब एकट्याला उचलत नाही. पेटीवाली म्हणाली, "भाषण एकट्यानेच केलंस ना?"

तुझा,
भाचा

ता. क. १ : तुझ्या परसातल्या हौदात कमळं आहेत, मासे नाहीत. बेडूक दिसला की तू खुर्चीवर चढतेस, हे मला माहीत आहे. (गुडघ्यांचं उगाच नाही विचारलं.)

ता. क. २ : पाणी मी वाचवलं नव्हतं. बूच घट्ट बसलं होतं आणि आत गायनाचा सराव सुरू झाला होता, म्हणून ते तसंच सोडून पेटी ऐकायला गेलो. काल हे पेटीवालीला सांगून टाकलं. ती पेटी मिटून निघून गेली.

ता. क. ३ : हे पत्र मीच हातात आणून देईन, तोंडाने सांगायची हिंमत नाही. आधी वाच, मग टबात बघ. टबाला दोन कड्या आहेत. बाहेरून आत्ताच पेटीवालीचा आवाज आला, "एक कडी मी धरलीये, राखणदार. दुसरी काय पाळकसाहेब धरणार?" निघालो. दार ओढून घेतो.