दसऱ्याच्या फोटोंनी फुटलेली नावं

बाबा, तुम्ही गेल्यावर दुकान मी विकलं नाही, हे आधी सांगते. शेतसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आणि काडतुसं विकणारी बाई म्हणून अलिबागच्या बाजारात लोक अजून वळून बघतात. बघू देत. तुमची शिस्तही मी मोडलेली नाही. गिऱ्हाईक नवी बंदूक घेऊन निघालं की तुम्ही ती चटईत गुंडाळून द्यायचात, एसटीत कोणाला कळू नये म्हणून. मी एकदा भर बाजारात एका काकांना हाक मारून काडतुसं आल्याचं सांगितलं, तर जेवताना आमटी वाढून घेता घेता तुम्ही म्हणालात, "दुकानातलं तोंड दुकानात ठेवायचं. कोणाच्या घरात बंदूक आहे हे चोराला आपण का सांगायचं?" त्यानंतर मी बाजारात तसं कधी बोलले नाही.

आता ऐका. आपण जिचा माल विकतो त्या कंपनीने गेल्या दसऱ्याला टूम काढली, शस्त्रपूजेचा फोटो पाठवा, बक्षीस मिळवा. आपले लोक हौशी. ओटीवर बंदूक, तिला झेंडूचा हार, बाजूला घरधनी फेटा बांधून उभा. नाव, गाव, फोन नंबर, सगळं देऊन मोकळे. यंदा कंपनीचा माल कुठल्याशा परदेशातल्या लढाईत गेला म्हणून चिडलेल्या हॅकर लोकांनी कंपनीचे कॉम्प्युटर फोडले आणि ते सगळं इंटरनेटवर टाकलं. वर लिहिलं, शस्त्रांचे सौदागर. सौदागर म्हणे! माणगावकडची ती आजी आठवते ना, नवरा गेल्यावर रानडुकरांपासून भात राखायला जिने बंदूक आपल्या नावावर करून घेतली? एकटी राहते, तिनेही हौसेने फोटो पाठवला होता. लढाईचा राग मलाही येतो, पण या शहाण्यांनी कंपनीच्या मालकाचा बंगला नाही दाखवला, दाखवलं कोणाचं घर, तर आजीचं.

आजी स्वतः दुकानात आली. "पोरी, बंदूक इकतेस का म्हनून कुनी अनोळखी फोन करतोय. माज्या घरात हाय ह्ये त्याला कुनी सांगितलं?" मी तिच्यासमोरच कंपनीत फोन लावला. साहेब गोड बोलला, "मॅडम, आम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांना काही सांगू नका, उगाच घबराट होईल. सांगितलंत तर तुमच्या एजन्सीचा विचार करावा लागेल." मी म्हटलं, "खुशाल करा," आणि फोन ठेवला.

तुम्ही गप्प बसला असतात. एका पावसाळ्यात कंपनीने सादळलेली काडतुसं पाठवली, तेव्हा तुम्ही पदरमोड करून ती बदलून दिलीत आणि कंपनीला चकार शब्द बोलला नाहीत. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणायचात. मी केलं वैर. गावोगाव गेले, दार लोटून घेऊन एकेकाला सांगितलं, तुमचं नाव फुटलंय, बंदूक काही दिवस दुकानात जमा करा, कायद्यात बसतं, मी सांभाळते. एक जण म्हणतो, "निवडनुकीला पोलिसांत जमा करतो तशी? पन भात खाऊ नका म्हनून डुकरांना कोन सांगनार?" मला हसू आलं, त्यालाही आलं, मग त्याने बंदूक आणून दिली. आजी म्हणाली, "ने माजी पन. फकस्त त्या सायबाचा नंबर दे, मी बोलते त्याच्याशी." दिला.

काल कंपनीने एजन्सी काढून घेतली. घेऊ दे. पोलिसांत तक्रार दिली आहे, हॅकरांवर आणि कंपनीवरही, आणि ती मी मागे घेणार नाही. दुकान बंदुका सांभाळण्यावर आणि दुरुस्तीवर चाललं तर चाललं, नाहीतर कुलूप लावेन.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. लोक म्हणतात, बापाची लेक शोभतेस, आणि मी मान डोलावते. पण त्या दिवशी तुम्ही गल्ल्यावर बसलेले असतात ना, तर मी साहेबाला "बरं" म्हटलं असतं.