स्पोर्ट मोडमध्ये बाबा

३ फेब्रुवारी, सोमवार

साडूचा फोन. गाडी घ्यायची म्हणतोय. साधीसुधी नाही, स्पोर्टी क्रॉसओव्हर. म्हणजे मधल्या आकाराची एसयूव्हीच, पण मागून छप्पर उतरतं घेतलेलं, शर्यतीच्या गाडीसारखं. "जरा बघून सांगा ना," म्हणाला. खरं तर तो हिला म्हणाला. पण फोन स्पीकरवर होता, म्हणजे घराला उद्देशून म्हणाला, आणि या विषयातला घरातला जाणकार एकच.

संकल्प: या गाडीचं संपूर्ण, निःपक्षपाती, तांत्रिक मूल्यमापन करायचं. एकट्या साडूसाठी नाही, समस्त होतकरू ग्राहकांसाठी. नातेवाइकांच्या ग्रुपवर ऑडिओ मालिकाच टाकतो. हल्ली कोणी वाचत नाही.

पात्रता: चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात तपासनीस. दिवसभर दिव्याखाली काच धरायची आणि ओरखडा, बुडबुडा, लहर शोधायची. ज्या डोळ्यांना केसाएवढा ओरखडा दिसतो, त्यांना अख्खी गाडी म्हणजे किस झाड की पत्ती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्यात सगळ्यांना प्रकल्प सांगितला. पॅकिंगमधल्या बाईंनी विचारलं, "पण तुम्ही गाडी चालवता का?" परवाना आहे, म्हटलं. अगदी नव्यासारखा आहे. कोपरासुद्धा दुमडलेला नाही.

गावात मी मुद्दामच चालवत नाही. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर जातं, गाडीकडे राहत नाही. म्हणून आमची छोटी गाडी ही चालवते. ही हॉस्पिटलात एक्स-रे काढते, तिला वेळेवर पोचायचं असतं. मी शेजारी बसून सूचना देतो. त्या ती मनातल्या मनात घेते.

८ फेब्रुवारी, शनिवार

शोरूम. लाल गाडी मधोमध, फिरत्या चौथऱ्यावर. काळजात चर्र झालं. चांगल्या अर्थानं.

विक्री करणारी मुलगी चुणचुणीत. तिनं विचारलं, "कोण चालवणार?" मी पुढे झालो तोवर किल्ली हिच्या हातात होती. टेस्ट ड्राइव्ह हिनं घेतली. मी शेजारी बसून निरीक्षण केलं. मधून मधून "पिकअप जाणवला का?" असं विचारत होतो. ही भलतंच विचारत होती. मागची काच एवढीशी का? मागचा दरवाजा किती उघडतो? सीट किती उंचावर? मुलगीही मोठ्या उत्साहानं तिलाच उत्तरं देत होती. माझा टॉर्कबद्दलचा प्रश्न तसाच राहिला.

शेवटी मीच म्हटलं, "स्पोर्ट मोड दाखवा." तिनं बटण दाबलं. पडद्यावर लाल झालं आणि इंजिन गुरगुरलं. मान मागे गेली. आहाहा! ही म्हणाली, "बंद करा हो ते."

हिला गाडीतलं सौंदर्य दिसत नाही. इतकी वर्षं हाडंच बघितली.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला ऑडिओ टाकला. विषय: बाह्य रूप. "ही गाडी उभी असतानासुद्धा पळते," हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं. ग्रुपवर मेहुणीचा अंगठा आला. नंतर कळलं, तो आधीच्या कुणाच्या तरी वाढदिवसाला होता.

जेवताना बाबांनी विषय काढला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते हॉस्पिटलाशिवाय कुठेच गेलेले नाहीत. आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण, शेजारच्या गावात असते. पडल्यापासून अंथरुणावरच आहे. "अक्काला एकदा बघून यायचंय," म्हणाले. ही लगेच म्हणाली, पुढच्या रविवारी सुट्टी आहे, मी नेते.

मला कल्पना सुचली. शोरूमची योजना आहे, गाडी दोन दिवस घरी वापरून बघा. शुक्रवारी रजा टाकतो. बाबांना मीच नेतो. लांबच्या प्रवासाचं मूल्यमापन होईल, बहीण-भावाची भेटही होईल. ही म्हणाली, "अहो, शुक्रवारी माझी ड्यूटी आहे." म्हटलं, म्हणूनच शुक्रवार.

बाबा म्हणाले, "रविवार चालेल मला." मी म्हटलं, बाबा, तुम्हाला स्पोर्ट मोडमध्ये नेतो. ते म्हणाले, "मला अक्काकडे ने."

१२ फेब्रुवारी, बुधवार

मनाची तयारी चालू. गाडी चालवणं पोहण्यासारखं असतं, माणूस कधी विसरत नाही. (मला पोहता येत नाही. पण ऐकलंय.)

खुर्चीत बसून डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, असा सराव केला. बाबा बघत होते. म्हणाले, "पायात गोळे आलेत का रे?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी आली. बिल्डिंगखाली सगळ्यांनी बघितली. शोरूमच्या माणसानं विचारलं, "ऑटोमॅटिक चालवलीय ना?" म्हटलं, नेहमीच. क्लचच नाही! काल केलेला निम्मा सराव वाया.

किल्ली खिशात असली की मागचं दार नुसत्या लाथेनं उघडतं. बंपरखाली हवेत लाथ मारायची. मारली. नाही उघडलं. परत मारली. मग जरा जोरात मारली. वॉचमननं येऊन हातानं उघडलं. नडगीवर बर्फ लावून बसलोय. ऑडिओत सांगायचं: अत्याधुनिक सुविधा, सवय लागते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी

सज्ज. ही ड्यूटीला जाताना म्हणाली, "अडलं तर फोन करा." हिचं हे असंच. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून केव्हाचे बसलेत. आत्यासाठी लोकरीची शाल घेतलीय. फोन डॅशबोर्डवर ठेवून थेट रस्त्यावरून ऑडिओ करणार. असं कुणी केलं नसेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शांतपणे, क्रमानं लिहितो.

बाबांना मागे बसवायचं ठरवलं होतं. पुढची सीट माझ्या कागदांना लागणार होती. पण दार उघडलं की छप्पर मध्ये येतं. आधी डोकं घालावं तर गुडघा बाहेर राहतो, आधी गुडघा घालावा तर डोकं आपटतं. डोकं आपटलं. बसल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "कपाटात बसल्यासारखं वाटतंय."

निघालो. डावा पाय सवयीनं क्लच शोधत होता. तिथे ब्रेक होता. गाडी इतकी आज्ञाधारक की जागच्या जागी थांबायची. मागचा टेम्पोवाला फारच भावनाशील निघाला.

मोठ्या रस्त्यावर स्पोर्ट मोड लावला. गाडी सुसाट. पण या गाडीत एक यंत्रणा आहे, आपण रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे सरकलो की ती स्टिअरिंग स्वतःच ओढते. मी एकीकडे, गाडी दुसरीकडे. आमचे मतभेद बरेच लांबपर्यंत चालले. कडक सस्पेन्शनमुळे रस्त्यावरचा प्रत्येक खडा बाबांच्या गुडघ्यापर्यंत पोचत होता, असं त्यांच्या कण्हण्यावरून वाटलं.

हवा भरायला पेट्रोल पंपावर वळलो. हवा कमी नव्हती. पण थांबणं आवश्यक झालं होतं. गाडी कोपऱ्यात भिंतीसमोर घातली. हवेचं मशीन जरा पुढे आलेलं होतं. त्याला उजवा कोपरा घासला. मी उतरून बघितलं. ओरखडा केसाएवढा नव्हता. हातभर होता.

आता मागे घ्यायची. पडद्यावर गाडी वरून दिसते, आपण पक्षी असल्यासारखी. मी वर नसताना मला वरून कसं दिसतंय, या विचारात गोंधळलो. सगळीकडून पिपाण्या वाजायला लागल्या. पुढे भिंत, बाजूला मशीन, मागे हवेसाठी रांग. मी गाडी बंद केली. पंपावरचा माणूस म्हणाला, "साहेब, मी काढून देऊ?" म्हटलं, मूल्यमापन चालू आहे. त्यानं मागच्यांना दुसऱ्या बाजूला पाठवलं.

बाबा म्हणाले, "सूनबाईला फोन कर."

मी म्हटलं, थोडं थांबू.

थांबलो. ऊन चढलं. मग मीच फोन केला. ती म्हणाली, "बाबा बरे आहेत ना? येते." एवढंच. ड्यूटी कुणाला तरी सांगून बसनं यायची होती, वेळ लागणार होता.

तोवर बाबा बोलत होते. त्यांच्याच नादात. शाळा लांब होती, अक्का त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायची. चढावर उतरून ढकलायची, पण बाळाला उतरू द्यायची नाही, कारण बाळाचे पाय दुखतील. बाळ म्हणजे बाबा. "कॅरिअरवरून सगळं दिसायचं," म्हणाले. मग त्यांनी बाजूच्या एवढ्याशा काचेतून बाहेर बघायचा प्रयत्न केला. भिंत होती.

ही आली. हॉस्पिटलचा कोट अंगात तसाच. ओरखडा बघितला, मला बघितलं, आणि म्हणाली, "पाणी प्यायलात का दोघं?" बाबांना हळूच बाहेर काढून पुढच्या सीटवर बसवलं. स्वतःची सीट पुढे घेतली, आरसे फिरवले, गाडी चालू केली, एक बटण दाबलं. गुरगुर थांबली. बाबा म्हणाले, "आत्ता शहाण्यासारखी वागतेय." एका झटक्यात गाडी मागे घेऊन हिनं रस्त्याला लावली. पंपावरच्या माणसानं हात केला, तो हिला.

मी मागे बसलो. मागच्या आसनव्यवस्थेचं मूल्यमापन करायची अपूर्व संधी. निष्कर्ष: डोकं छताला लागतं. बाहेरचं काही दिसत नाही. मळमळतं.

आत्याला बाबांना ओळखायला थोडा वेळ लागला. मग तिनं हात पुढे केला. "बाळ, किती रे उशीर?"

"गाडी मिळत नव्हती," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ते तिच्या उशाशी बसले. तिनं त्यांच्या ऑपरेशनच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो निघेपर्यंत काढला नाही. शाल पांघरताना ती म्हणाली, टोचते. पण काढू दिली नाही.

मी बाहेर गाडीपाशी जाऊन टायर बघत उभा राहिलो. टायर व्यवस्थित होते. बराच वेळ बघितले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अनर्थ. काल डॅशबोर्डवरचा फोन रेकॉर्ड करतच राहिला होता. पंपावर फोन करायच्या आधी मी ते बंद केलं, असं मला वाटलं. प्रत्यक्षात पाठवायचं बटण दाबलं, आणि सगळं ग्रुपवर गेलं.

सगळ्यांनी ऐकलंय. पूर्ण. मला पुसता आलं असतं, पण मी दुपारी उठलो.

त्यात मी आहे. "होतकरू ग्राहकहो, या गाडीचं हाताळणं म्हणजे..." आणि मग बराच वेळ हॉर्न. मग बाबा: "अरे, वायपर कशाला लावलेस? ऊन पडलंय." मी: "तो इंडिकेटर आहे, बाबा." बाबा: "मग पाणी का उडतंय?" पुढे बाबांचं डोकं, बाबांचा गुडघा, काच, कपाट. आणि मशीनला घासल्याचा आवाज. तो फार स्वच्छ आलाय. फोनचा मायक्रोफोन उत्तम आहे.

गाडी परत केली. बरोबर ही आली होती. मी म्हटलं, ओरखडा आधीपासूनच असावा. ही त्या मुलीला म्हणाली, "आमच्याकडून घासली." मुलगी म्हणाली, विम्यात बसेल. दोघी हसल्या. कशाला ते मला कळलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

साडूचा फोन. फोन स्पीकरवर. गाडी घेणार नाही म्हणाला. त्याची आई कंबरेनं अधू आहे, तिलाही मागेच बसायचंय. "मी जाहिराती बघितल्या, तज्ज्ञ बघितले. मागे बसल्यावर काय होतं ते एकानंही सांगितलं नाही. मागे बसलेल्या काकांनी सांगितलं. थँक्स सांगा त्यांना." मग हिला विचारलं, ताई, मग कुठली बघू? ही म्हणाली, सरळ छपराची घे, दार मोठं उघडेल अशी, आणि आईंना घेऊन जा, त्यांना बसवून बघ. एका दमात संपवलं. मी तेवढ्यात प्रस्तावना केली असती.

तरीही मूल्यमापन यशस्वी म्हणायचं. आवाज बाबांचा असला तरी निर्मिती माझी.

बाबांना थँक्स सांगितले. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात अक्काकडे परत जायचंय." ही म्हणाली, मी आहे ना. बाबा म्हणाले, "तुला दर वेळी कोट घालून धावायला लावायचं का? हा नेईल. आपल्याच गाडीतून. आधी शिकेल आणि मग नेईल."

मी म्हटलं, मला येतं. भांडी आवरायला गेले सगळे. बाबासुद्धा, काठी घेऊन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकायला नाही. होतकरू शिकाऊंसाठी ड्रायव्हिंग स्कूलचं मूल्यमापन करणार आहे. असं कुणी केलं नसेल.

फॉर्मवर वय लिहिल्यावर तिथल्या मुलीनं विचारलं, "तुमच्या मुलासाठी का?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहिला धडा. मास्तर शेजारी, पाय पसरून, हाताची घडी घालून. एका शब्दानं सूचना नाही. माणसाला गुण कळतात.

आणि काय चालवली आज मी! वळणावर गाडी आपोआप मंदावली. सिग्नलला पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे अलगद थांबली, पोटातलं पाणी हललं नाही. एक कुत्रं आडवं आलं. मला ते दिसायच्या आत ब्रेक लागलेला. मला दिसायच्या आत! याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. ती शिकवून येत नाही, अंगातच असावी लागते.

उतरताना सहज विचारलं, "मास्तर, माझं ब्रेकिंग कसं वाटलं?"

"तुमचं अजून बघायचंय," म्हणाले. "आज सगळे मीच लावले. माझ्या पायाखालीही एक पेडल आहे."

घरी आलो. बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. "चालवलीस?"

म्हटलं, हो. चप्पल काढली. मग म्हटलं, "दोघांनी."