सहावा रकाना

सोमवार, ८ जानेवारी २०१८

आज परत! चार वाजून दहा मिनिटांनी. धाड, धाड, धाड — बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या वर. छताचा दिवा हलला.

ही वरची लिआन प्रॉक्टर. जांभळे केस, पायात पुरुषी बूट, मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी. दुपारी झोपते म्हणे. झोपलेलं माणूस असं जमिनीवर हाणतं का?

पुरे झालं. गृहसंस्थेला फोन केला. मी या इमारतीत जन्मापासून आहे. आईनंतर संस्थेच्या या फ्लॅटचं भाडेपत्र माझ्या एकटीच्या नावावर झालं. नऊ वर्षांपूर्वी क्लाइवशी लग्न केलं तेव्हा तो एक सुटकेस घेऊन इथे आला. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं हजेरीपट माझ्याकडे होता, उशिरा येणारं एकही पोर नजरेतून सुटलं नाही. ही बया काय सुटणार!

बुधवार, १० जानेवारी

संस्थेच्या मिस ब्लँचर्ड आल्या. वयाने लहान, पण ऐकून घेतात. शेजाऱ्यांना छळणाऱ्या भाडेकरूंचं काम सगळं त्यांच्याकडे. क्लाइवने स्वतः चहा केला! परकं माणूस घरात आलं की त्याच्याइतकं गोड कुणी नाही.

त्यांनी छापील तक्ते दिले. वर एक ओळ — तक्रार कोणाविरुद्ध. खाली पाच रकाने: तारीख, वेळ, काय घडलं, किती वेळ चाललं, तुमच्यावर काय परिणाम झाला. तक्ता बघून मला अगदी माहेरी गेल्यासारखं वाटलं. वरच्या ओळीत लगेच लिआन प्रॉक्टर लिहून टाकलं, ठळक अक्षरात.

नव्या भाडेकरूचं पहिलं वर्ष परीक्षेचं असतं. तेवढ्यात तक्रार शाबीत झाली तर घर जातं. लिआनचं वर्ष मार्चमध्ये भरतं. म्हणजे मला सात आठवडे आहेत. भरपूर झाले.

(ही वही विणकामाच्या पिशवीत, लोकरीच्या खाली. क्लाइव लोकरीला हात लावत नाही.)

शुक्रवार, १२ जानेवारी

दोन नोंदी. ४.२० आणि ६.०५. क्लाइव म्हणाला, "लिही, लिही, हाकल त्या भवानीला." कितीतरी दिवसांनी आमचं एकमत झालं.

मंगळवार, १६ जानेवारी

कचऱ्याच्या डब्यांपाशी लिआन भेटली. मी मुद्दाम नजर वळवली नाही. तिने माझ्याकडे, मग माझ्या मनगटाकडे पाहिलं. पट्टी बांधली होती, ओव्हनच्या दाराचा मार. "बऱ्या आहात ना, मिसेस स्टॅदर्स?" म्हणे.

मी सुनावलं. म्हटलं, तू ते ठोकणं थांबवलंस की एकदम बरी होईन. मला वाटलं, ही ओशाळेल, माफी मागेल. तर ती शांतपणे म्हणाली, "ते नाही थांबवायची मी."

कबुली! स्वतःच्या तोंडाने! घरी येऊन कोट न काढता लिहून काढली, वेळेसकट. आता ती गेलीच.

रविवार, २१ जानेवारी

गुरुवारपासून क्लाइव ब्रिडलिंग्टनला भावाकडे होता, संध्याकाळी परतला. चार दिवस वर टाचणी पडल्याचा आवाज नाही. घाबरली! माझ्या तक्त्यांची बातमी पोहोचली असणार तिच्यापर्यंत. चार दिवसांत स्वेटरची पाठ विणून झाली, शुक्रवारी पॅटी-चिप्स आणून खुर्चीतच पाय वर घेऊन खाल्ले. तक्ता तेवढा रिकामा राहिला, त्याचं जरा वाईट वाटलं.

सोमवार, २२ जानेवारी

४.१५. धाड, धाड, धाड. चार दिवस टिकली बाईची भीती! क्लाइव तणतणत वर गेला, तिच्या दाराला शिव्या घातल्या आणि तसाच पबमध्ये गेला.

गुरुवार, २५ जानेवारी

मिस ब्लँचर्ड दुसऱ्यांदा आल्या. वर लिआनकडे अर्धा तास बसून मग आमच्याकडे. नोंदींचं कौतुक केलं, इतक्या नीट नोंदी कुणी दिलेल्या नाहीत म्हणाल्या. ते मला ठाऊकच होतं.

क्लाइव खुर्चीतच होता. जाताना त्या मला जिन्यापर्यंत घेऊन गेल्या. तक्त्यावर पेनाने उभी रेघ मारून सहावा रकाना आखला. 'त्याआधी तुमच्या घरात काय चाललं होतं.' हा तक्ता घरात कुणाला दाखवू नका, स्वतः ऑफिसात आणून द्या, असं हळू आवाजात सांगितलं.

डोकं फिरलं माझं. आरोपी कोण, ती का मी? आमच्या घरात काय चालायचंय! संसार चालला होता, आणखी काय?

पण कोरा रकाना मी आयुष्यात कधी सोडलेला नाही. भरीन. बघू दे त्यांनाही, साधंसुधं घर आहे आमचं.

बुधवार, ३१ जानेवारी

सहावा रकाना, आजपर्यंत:

शुक्रवार — क्लाइवचा घोडा हरला.

रविवार — भाजलेलं बीफ कोरडं झालं. क्लाइवने ताट फेकलं.

सोमवार — रिमोट सापडेना. मी हलवला असं क्लाइवचं म्हणणं. मी हलवला नव्हता.

आज — बहिणीचा फोन जास्त वेळ चालला.

लिहून झाल्यावर ताटाचं खोडावं असं वाटलं. पण हजेरीपटात खाडाखोड चालत नाही. राहू दिलं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

क्लाइव पैज लावायला गेल्यावर तक्ते स्वच्छ उतरवून काढायला बसले. जुन्या नोंदींचाही सहावा रकाना भरून टाकावा, काम अर्धवट का ठेवा, म्हणून आठवून आठवून लिहिलं. आठवायला काही वेळ लागला नाही.

एकूण अकरा नोंदी. सहाव्या रकान्यात अकरा वेळा क्लाइव.

घरात आम्ही दोघंच, मग नाव त्याचंच येणार की! असं म्हटलं आणि पुढे उतरवत गेले. आठ तारखेपाशी थांबले. त्या दिवशी त्याने माझा हात ओव्हनच्या दारात धरून ठेवला होता. इथेही मी 'ओव्हनच्या दाराचा मार' एवढंच लिहिलंय. या वहीत, जी माझ्याशिवाय कुणी वाचत नाही!

मग अठरा ते एकवीस पाहिलं. चार कोऱ्या ओळी. त्या पोरीला माझ्या तक्त्यांची भीती वाटली असती तर सोमवारी ती पुन्हा का ठोकायला लागली?

चहा केला तो गार झाला. क्लाइवची चावी वाजली तेव्हा तक्ते लोकरीखाली घातले.

सोमवार, ५ फेब्रुवारी

सकाळी आठला लिआन कामावरून येते. जिन्यात उभी राहिले. अंगाला मासळीचा वास, डोळे लाल. सरळ विचारलं, का ठोकतेस?

"तो थांबावा म्हणून," ती म्हणाली. "थांबतो ना?"

थांबतो. दर वेळी. वर बघतो, शिव्या देतो, निघून जातो. मी आजवर समजत होते, त्याला आवाजाचा त्रास होतो.

मी म्हटलं, अगं, माझ्या तक्रारीने तुझं घर जाईल. मार्चमध्येच जाईल.

"माहीत आहे. पण खालचं सगळं ऐकू येतं हो मला. नुसतं ऐकत पडू का?" एकदा तिने पोलिसांनाही फोन केला होता. क्लाइवने त्यांना चहा पाजला आणि मी सांगितलं, टीव्ही मोठा होता. आठवलं मला. टीव्ही बंद होता.

मिस ब्लँचर्डना तिने सगळं सांगितलंय. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे, मी नुसतं हो म्हटलं तर क्लाइवला घराबाहेर काढायचा कोर्टाचा हुकूम मिळवायला संस्था मदत करते, कुलूपही बदलून देते. "त्या तुमच्या तोंडून ऐकायची वाट बघतायत," लिआन म्हणाली आणि झोपायला वर गेली.

मला भयंकर लाज वाटली. मग राग आला, आणि या खेपेला तो वरच्या मजल्यावरच्या पोरीवर नव्हता. लिआन आणि मिस ब्लँचर्ड, दोघींनी मिळून माझी परीक्षा घ्यायची काय हिंमत, असंही एकदा वाटून गेलं. इतके दिवस मी चुकीच्या माणसाला लेटमार्क देत होते.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

अकरा वाजता तक्ते ऑफिसात दिले. देण्याआधी पेन मागून घेतलं. 'तक्रार कोणाविरुद्ध' — लिआन प्रॉक्टर हे नाव फूटपट्टी लावून खोडलं, आयुष्यातली पहिली खाडाखोड, आणि वर लिहिलं: क्लाइव स्टॅदर्स. बाजूला सही केली.